पुसलेला कोड

एकदा एक मोटार एकाच दुखण्यासाठी महिन्याभरात तिसऱ्यांदा दुरुस्तीला आली.

कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावात, महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर यशवंत पांचाळ यांचे गॅरेज होते. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या आसपास. सारे गाव त्यांना मामा म्हणत असे. जुन्या काळी इंजिनाला कान लावून दोष ओळखणारा हा माणूस. पुढे गाड्यांमध्ये संगणक आले, तेव्हा त्यांनी हट्ट धरला नाही. पदविका घेतलेला दिगंबर नावाचा एक तिशीतला शिष्य त्यांनी हाताशी घेतला आणि दोष वाचणारे यंत्र त्याच्या स्वाधीन केले. गाडीत चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की दिगंबर ते यंत्र जोडायचा. पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे उमटायचे. त्यालाच सगळे कोड म्हणत. कोड वाचायचा, दोष दूर करायचा आणि मग कोड पुसायचा, असा क्रम होता. दिगंबरचा हात त्यात इतका बसला होता की शेजारच्या गावांतूनही लोक त्याच्याकडे येत.

ही तिसऱ्यांदा आलेली मोटार रामकृष्ण शेटे यांची होती. शेटे धान्याचे व्यापारी, साठी ओलांडलेले. डिसेंबरात त्यांची पत्नी वारली आणि तेव्हापासून त्यांचे दुकान बंदच होते. मोटार डिझेलवर चालणारी, गिअर आपोआप बदलणारी. तिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक जाळी असते. ती जाळी तुंबली आहे, असे कोड सांगत होता.

पहिल्या वेळी दिगंबरने यंत्राच्या साहाय्याने इंजिन तापवून काजळी जाळली. दिवा विझला. दहा दिवसांनी तो पुन्हा लागला. दुसऱ्या वेळी काजळी तर जाळलीच, शिवाय जाळीचा दाब मोजणारा सेन्सरही बदलला. पुन्हा दहा दिवस गेले आणि शेटे पुन्हा दारात उभे राहिले. त्यांनी इंजिन चालूच ठेवले होते. मागच्या वेळी सेन्सर बदलण्यासाठी ते बंद करावे लागले, तेव्हा काम संपेपर्यंत ते बॉनेटवर हात ठेवून उभे होते. म्हाताऱ्या माणसाची एखादी सवय, असे समजून दिगंबरने तिकडे लक्ष दिले नव्हते.

"मामा, आता पूर्ण जाळीच बदलावी लागणार," दिगंबर म्हणाला. "दुसरं काही उरलं नाही."

मामांनी यंत्राकडे पाहिले नाही. गॅरेजच्या टेबलावर एक जाड नोंदवही असे. आलेल्या प्रत्येक गाडीचे किलोमीटर, दोष आणि केलेले काम तीत लिहिले जाई. मामांनी ती उघडली, मागची काही पाने चाळली आणि बराच वेळ एका पानावर थांबले. मग विचारले, "आज किलोमीटर किती झालेत?"

"एक्केचाळीस हजार दोनशे साठ."

"मागच्या वेळी दोनशे बारा होते. म्हणजे दहा दिवसांत अठ्ठेचाळीस. इंजिन किती तास चाललं, ते सांगतं का तुझं यंत्र?"

मागच्या भेटीची माहिती यंत्रात जपलेली होती. दिगंबरने दोन्ही आकडे ताडून पाहिले, आणि तो चपापला. "एकशे पंचावन्न तास."

"एकशे पंचावन्न तासांत अठ्ठेचाळीस किलोमीटर," मामा हळूच म्हणाले. "माणूस चालत गेला असता तरी दहा तासांत एवढं अंतर कापलं असतं. ही गाडी जात कुठेच नाही, दिगंबर. नुसती उभी राहून जळतेय. उभ्या गाडीत जाळी तुंबणारच. नवी घातलीस तर नवीही तुंबेल."

"मग त्यांना सांगूया, इंजिन बंद ठेवत जा म्हणून."

मामांनी वही मिटली. मग त्यांनी जे सांगितले, त्याचा अर्थ दिगंबरला मुळीच लागला नाही. "आज त्या गाडीला हात लावू नकोस. कोडही पुसू नकोस. शेट्यांच्या शेजारी जाऊन बस. ते नेतील तिथे जा. संध्याकाळपर्यंत बस. काही विचारू नकोस."

"मामा, बाहेर सहा गाड्या उभ्या आहेत."

"त्या मी बघतो."

गुरूची आज्ञा म्हणून दिगंबर गाडीत बसला, पण मनातून तो चिडलेलाच होता. शेट्यांना मामांनी एवढेच सांगितले की, हा गाडीची तपासणी करायला दिवसभर बरोबर राहील. शेट्यांनी मान हलवली.

गाडी कुठेही दूर गेली नाही. बाजारपेठेमागच्या आळीतल्या घरासमोर शेट्यांनी ती उभी केली आणि तसेच बसून राहिले. इंजिन चालू होते. मागच्या सीटवर घडी घातलेली एक शाल होती आणि दवाखान्याची फाईल होती. अर्धा तास गेला, तास गेला. शेटे घरात जाऊन पाणी पिऊन आले, पण इंजिन बंद केले नाही. शेजारच्या घरातली एक बाई खिडकी लावून घेताना पुटपुटली, "सुरू झालं यांचं." शेट्यांनी ते ऐकले, आणि ऐकले नाही असे दाखवले.

दुपार झाली. शेट्यांनी घरातून दोन वाट्यांत दहीभात आणला. एक वाटी दिगंबरपुढे धरली. खाताना ते आपणहून बोलू लागले.

"लोकांना वाटतं, मला वेड लागलंय. पुण्याहून मुलगा आला होता, तोही डॉक्टरकडे चला म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही."

काही विचारायचे नाही, असे दिगंबरला बजावलेले होते.

"अकरा डिसेंबरला सकाळी आठच्या सुमाराला इंदुमतीला श्वास लागेना," शेटे म्हणाले. "दम्याची होती ती, पण असं कधी झालं नव्हतं. तिला उचलून मागे बसवलं. किल्ली फिरवली. टक् टक् आवाज झाला आणि बस. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. शेजारचे ढकलायला धावले, पण ही गाडी ढकलून चालू होत नाही म्हणे. मला ते ठाऊकही नव्हतं. मग कोणीतरी टेम्पो आणायला पळालं. पंचवीस मिनिटं गेली. एवढा वेळ ती मागे बसून माझ्याकडे बघत होती. मी किल्ली फिरवतोय, आणि ती मलाच म्हणतेय, घाबरू नका, होईल चालू."

हातातली वाटी त्यांनी खाली ठेवली.

"दवाखान्याच्या फाटकात गेली. आत नेलंसुद्धा नाही. नंतर वायरमन आला, त्याने नवी बॅटरी बसवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. तेव्हापासून मी ती बंद करत नाही. झोपायच्या वेळी करावीच लागते, पण पहाटे उठून आधी चालू करतो. बंद केली आणि पुन्हा चालू झाली नाही तर?" मग स्वतःशीच बोलल्यासारखे ते म्हणाले, "आता न्यायचं कुणाला, हे मला कळतं. पण हात किल्लीकडे जात नाही."

दिगंबरने मागे वळून सीटवरच्या शालीकडे पाहिले.

"तुमच्याकडून दोनच दिवस आधी गाडी सर्व्हिस होऊन आली होती," शेटे पुढे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेशही नव्हता. "तुमचा काय दोष? बॅटरी कधी जाईल, कुणाला सांगता येतं? मीच लक्ष द्यायला हवं होतं. गाडी माझी. बायको माझी."

संध्याकाळी दिगंबर पायी गॅरेजवर परतला. मामा हात धुऊन खुर्चीत बसले होते. दिगंबरने काही न बोलता नोंदवही उघडली. नऊ डिसेंबरचे पान त्याला सापडले. त्याच्याच सुवाच्य अक्षरात तिथे शेट्यांच्या गाडीचा क्रमांक होता, तेलबदलाची नोंद होती, आणि तिच्याखाली लिहिले होते: 'पिवळा दिवा. कोड पी ०५६२, व्होल्टेज कमी. बॅटरी तपासली, ठीक. कोड पुसला.'

त्याला तो दिवस आठवला. लग्नसराईची गर्दी होती, आठ गाड्या रांगेत होत्या. बॅटरी मोजली, त्या क्षणी ती ठीक दिसली. व्होल्टेज कमी का पडले, हे शोधायला बॅटरीखालच्या तारा सोडवाव्या लागल्या असत्या. अर्ध्या तासाचे काम. त्याने बटण दाबले आणि दिवा विझला. शेटे त्याला 'हुशार आहेस' असे म्हणून गेले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," दिगंबर म्हणाला.

"आज सकाळी किलोमीटर बघायला वही उघडली, तेव्हा कळलं. शेटीणबाई कशा गेल्या, ते बाजारात कानावर आलं होतं. तारीख बघितली, आणि दोन्ही जुळलं."

"मग मला तेव्हाच का नाही दाखवलंत? तिथे नेऊन का बसवलंत?"

मामा म्हणाले, "सकाळी वही दाखवली असती, तर तुला एका ओळीचं वाईट वाटलं असतं. पुढच्या वेळी नीट लिहीन, नीट तपासीन, असं म्हणून तू कामाला लागला असतास. त्या ओळीच्या पलीकडे काय होतं, ते तुला दिसलं नसतं. कोड म्हणजे गाडीने माणसाशी बोललेलं एक वाक्य आहे, दिगंबर. ते शेट्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते तुझ्याकडे आणलं. तू ते वाचलंस, आणि त्यांना न सांगताच पुसलंस. दोष होता तिथेच राहिला. फक्त तो बोलायचा बंद झाला." मग त्यांनी वहीवर बोट ठेवले. "आणि त्या ओळीखाली सही कुणाची आहे, तेही बघ."

सही मामांची होती. दिवसाअखेरीस प्रत्येक नोंदीखाली ते सही करीत. त्या दिवशी त्यांनी न वाचताच केली होती.

"त्या वाचल्या असत्या का, मामा? गाडी चालू झाली असती तर?"

"मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. हे कधीच कळणार नाही, आणि न कळता जगायचं आहे. तुला आणि मलाही."

"शेटेकाकांना सांगायचं का?" दिगंबरने विचारले. "ते आधीच खचलेत. आणखी..."

"आज ते स्वतःला दोष देत बसलेत. आपण गप्प राहिलो, तर त्यांच्या गाडीतलं आणखी एक वाक्य पुसलं, असं होईल. उद्या सकाळी जाऊ. दोघंही जाऊ. सांगायचं तू. मी शेजारी बसेन."

त्या दोघांना झोप लागली की नाही, हे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटे गाडीतच होते. मामा मागे बसले, शालीला धक्का लागू न देता. दिगंबर पुढे बसला. मांडीवर वही उघडून त्याने ती ओळ वाचून दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. काय करायला हवे होते आणि त्याने काय केले, हे सांगितले. गर्दी होती हे त्याने सांगितले नाही. ते सांगायचे त्याच्या ओठांवर आले होते, पण त्याने ते गिळले.

शेटे समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तो दिवा इंदुमतीला दिसला होता. मला दिसलाच नव्हता. तीच म्हणाली, गाडी दाखवून या. तिच्या सांगण्यावरून मी ती तुमच्याकडे आणली."

मामांनी हात जोडले.

"तुम्ही जा आता," शेटे म्हणाले.

दोघे उतरले. आळीच्या टोकापर्यंत पोहोचेतो मामांना दोनदा थांबावे लागले. दिगंबरने त्यांचा दंड धरला.

आठवडा गेला. दिगंबर रोज रस्त्याकडे पाहायचा. शेट्यांचा मुलगा येईल, पोलीस येतील, निदान चार माणसे येऊन दारात शिव्या देतील, असे त्याला वाटे. कोणी आले नाही, आणि ते त्याला अधिक जड गेले. एकदा तो मामांना म्हणाला, "मी हे काम सोडू का?" मामा म्हणाले, "सोडलंस तर तुला बरं वाटेल. ज्यांची गाडी पुढच्या खेपेला तुझ्याऐवजी दुसरा कोणी बघेल, त्यांना काय वाटेल, ते मला ठाऊक नाही." यापलीकडे त्यांनी त्याला समजावले नाही.

नवव्या दिवशी शेट्यांची मोटार दारात येऊन उभी राहिली. इंजिन चालू, दिवा लागलेला. शेट्यांची दाढी वाढलेली. ते दिगंबरला म्हणाले, "त्या दिवशी जे बघायचं राहिलं, ते आज बघ. मी इथे उभा राहतो."

इंजिन बंद करावे लागणार होते. दिगंबरने तसे सांगितले. शेट्यांनी खिडकीतून हात आत घातला. किल्लीवर हात ठेवून ते किती तरी वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती फिरवली. अचानक शांतता झाली.

दिगंबरने बॅटरी काढली, तिच्याखालचा पत्रा सोडवला. बॅटरी आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी जाड तार तिथे होती. तिच्या टोकाशी गंजाची पांढरी-हिरवी पूड चढली होती, आणि बोल्ट बोटाने हलत होता. वायरमनने वरची बॅटरी बदलली होती. खालचा दोष डिसेंबरात होता तसाच, जागच्या जागी होता.

"काका, हे बघा," दिगंबर म्हणाला. "गाडी चालू न होण्याचं कारण हे. आणि ते अजून तसंच होतं. बॅटरी नवी होती म्हणून जोर लावून गाडी चालू करत होती. कोणत्याही सकाळी पुन्हा तसंच झालं असतं."

शेटे वाकले. त्यांनी ती तार बोटाने चाचपली.

"म्हणजे मला वाटत होतं ते खरं होतं? बंद केली तर चालू होणार नाही, हे?"

"खरं होतं."

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं."

"नाही, काका."

शेटे मागे सरून बाकावर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. डिसेंबरापासून ते रडले नव्हते, हे नंतर त्यांच्या मुलाकडून कळले. दिगंबरने तार घासून स्वच्छ केली, टोक बदलले, बोल्ट आवळला. त्याचे हात सराईतपणे चालत होते आणि त्याला स्वतःच्या हातांची शिसारी येत होती. काम संपले, तेव्हा अर्धा तासही झाला नव्हता.

"एवढंच होतं?" शेट्यांनी विचारले.

"एवढंच."

मग जाळीचे काम उरले. दिगंबरने यंत्र लावून काजळी जाळली आणि सांगितले की, आता एक तासभर महामार्गावर न थांबता गाडी चालवायला हवी, म्हणजे जाळी पुरती मोकळी होईल. मामांनी त्याला खुणेने बरोबर जायला सांगितले. दोघे गेले. वाटेत एका ठिकाणी उतरून त्यांनी चहा घेतला. त्या वेळी त्यांनी इंजिन बंद केले. परत बसल्यावर किल्ली फिरवताना त्यांनी डोळे मिटले, एवढे दिगंबरने पाहिले.

गॅरेजवर परतल्यावर दिगंबरने यंत्र जोडले. जाळी स्वच्छ झाली होती. पडद्यावर फक्त जाळीचा जुना, न पुसलेला कोड उरला होता. सवयीने त्याचे बोट बटणाकडे गेले आणि थांबले.

"काका, पुसू का?"

"आधी वाच," शेटे म्हणाले.

दिगंबरने अक्षर आणि आकडे वाचले. त्यांचा अर्थ सांगितला. दोष कशाने आला, काय केले आणि आता तो उरला नाही हे कशावरून म्हणायचे, तेही सांगितले. शेट्यांनी सारे ऐकून घेतले, मधे एक प्रश्नही विचारला. मग म्हणाले, "आता पूस."

निघताना ते गाडीच्या दारापाशी थांबले. "तुला मी माफ केलं, असं म्हणणार नाही," ते दिगंबरला म्हणाले. "म्हणता आलं असतं, तर म्हणालो असतो. पण गाडी मी इथेच आणीन. तू मला खरं काय ते सांगशील, एवढं आता मला ठाऊक आहे."

गाडी गेली. दिगंबर रस्त्यावर उभा राहिला. मामांनी त्याला हाक मारली नाही. बाहेर उभ्या असलेल्या पुढच्या गाडीचे बॉनेट त्यांनी स्वतःच उघडले. थोड्या वेळाने दिगंबर आला आणि त्यांच्या शेजारी वाकून काम करू लागला.

चूक कबूल करणाऱ्याला क्षमा मिळेलच असे नाही. तरीही ती कबूल करणे हे त्याचेच काम असते.